संत्रे : फळ, झाड आणि गोत

एक संत्रे हाती घ्यावे आणि सोलण्यापूर्वी त्याकडे नीट पाहावे. देठाजवळची लहानशी हिरवी चकती नखाने अलगद काढली, तर तिच्याखाली बारीक ठिपक्यांचे एक वर्तुळ दिसते. हे ठिपके मोजून ठेवावेत. मग संत्रे सोलून फोडी मोजाव्यात. बहुधा दोन्ही संख्या सारख्याच भरतात. झाडाकडून येणारे अन्न व पाणी फोडींपर्यंत पोचविणाऱ्या वाहिन्या याच ठिकाणाहून फळात शिरलेल्या असतात. म्हणून फळ न उघडताही आत किती फोडी आहेत याचा अंदाज बांधता येतो.

फोडींची ही संख्या फळ पिकताना ठरत नाही, ते वाढत असतानाही ठरत नाही. फूल कळीच्या अवस्थेत असते तेव्हाच ती निश्चित झालेली असते. संत्र्याच्या बाबतीत अशा पुष्कळ गोष्टी फार आधी ठरून जातात. काही कळीत ठरतात, काही बहारापूर्वीच्या तहानेत ठरतात, तर काही, ज्या झाडावरून डोळा घेतला त्या झाडात ठरतात. संत्रे कसे वाढते हे समजून घ्यावयाचे, तर या मागच्या गोष्टींचा माग काढीत जावे लागते.

फळाची रचना

द्राक्ष व टोमॅटो यांच्याप्रमाणेच संत्रे हेही शास्त्रीय दृष्ट्या मृदुफळ होय. मात्र त्याची साल चिवट व तेलयुक्त असल्यामुळे आणि आतील गर फोडींत विभागलेला असल्यामुळे त्याचा एक वेगळा प्रकार मानतात.

सालीला दोन थर असतात. बाहेरचा थर रंगीत असून त्यात तेलाच्या असंख्य सूक्ष्म ग्रंथी असतात. संत्र्याचे पान उजेडासमोर धरले तर त्यातही अशाच ग्रंथी पारदर्शक ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. साल दाबली की या ग्रंथी फुटून तेलाचे तुषार उडतात. डोळ्यांत गेले असता झोंबतात ते हेच. या तेलात लिमोनीन नावाचे द्रव्य मुख्यत्वेकरून असते व ते ज्वालाग्राही आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली सालीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबून पाहिल्यास तुषार क्षणभर चमकून पेट घेताना दिसतात.

आतला थर पांढरा व स्पंजासारखा असतो. त्याच्या पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. सालीसकट मोसंबे पाण्यात टाकले तर ते तरंगते; तेच सोलून टाकले तर बहुधा बुडते. साल काढल्याने वजन कमी होऊनही फळ बुडावे याचे प्रथम आश्चर्य वाटते. परंतु त्याला तरंगत ठेवणारी हवा सालीबरोबर निघून गेलेली असते, हे ध्यानात आले म्हणजे उलगडा होतो. मुरंब्याला घट्टपणा आणणारे पेक्टिन हे द्रव्यही या पांढऱ्या थरात विपुल असते.

फोडीच्या आत रसाने भरलेल्या लांबट पिशव्या दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक पिशवी एका बारीक देठाने फोडीच्या बाहेरील भिंतीला चिकटलेली असते. फळ अगदी कोवळे असते तेव्हा फोडीची जागा जवळजवळ रिकामी असून तिच्या भिंतीवर केवळ सूक्ष्म केस उगवलेले दिसतात. हे केस आतल्या बाजूला वाढत जातात, त्यांच्या पेशी रसाने फुगतात आणि अखेरीस सारी पोकळी भरून जाते. संत्रे खाताना आपण वस्तुतः रसाने भरलेले केसच खात असतो.

फूल आणि फळधारणा

संत्र्याचे झाड सदाहरित असते. बेल, कवठ व कढीलिंब ही त्याच्याच कुळातील झाडे होत. हे नाते पानांच्या वासावरून जाणवते व रचनेवरूनही दिसते. बेलाचे त्रिदळ सर्वांच्या परिचयाचे आहे. संत्र्याचे पान एकेरी दिसते खरे. परंतु देठ आणि पाते यांच्यामध्ये एक स्पष्ट सांधा असतो. मूळच्या अनेक पर्णिकांच्या पानातील एकच पर्णिका आता उरली असून हा सांधा तिची खूण होय, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पपनसाच्या पानाच्या देठाला तर दोन्ही बाजूंना रुंद पंख असतात आणि एक पान दुसऱ्यावर ठेवल्यासारखे वाटते.

संत्र्याची फुले पांढरी व सुगंधी असतात. बहुतेक फुलांना पाच पाकळ्या असून मध्यभागी पुंकेसरांचे कडे आणि त्याच्या आत हिरवट अंडाशय असतो. अंडाशयाच्या तळाशी मध स्रवतो व त्यासाठी मधमाश्या गर्दी करतात. बहार भरात असताना मोठ्या झाडावर हजारो फुले असतात. परंतु त्यांतील फारच थोडी फळापर्यंत पोचतात. साधारणतः शंभर फुलांमागे एकदोन फळे हाती लागली तरी झाडाला ती पुरेशी असतात. बाकीची फुले आणि वाटाण्याएवढी झालेली पुष्कळ फळेही गळून पडतात. झाडाची पाने जेवढे अन्न तयार करू शकतात तेवढ्याच फळांचे पोषण होऊ शकते, उरलेली गळतात. ही गळ मर्यादेत असेल तोवर ती झाडाची स्वाभाविक काटकसर होय. कीड, रोग किंवा पाण्याचा अनियमितपणा यांमुळे ती वाढली, की मग ते नुकसान ठरते.

टिकून राहिलेले फळ तीन टप्प्यांनी वाढते. पहिल्या टप्प्यात पेशींची संख्या वाढते आणि मुख्यतः साल जाड होते. दुसऱ्या टप्प्यात पेशी पाण्याने व रसाने फुगतात. फळाचा आकार झपाट्याने वाढतो तो याच काळात. तिसऱ्या टप्प्यात वाढ मंदावते, आम्लता उतरते, साखर वाढते आणि सालीचा रंग पालटू लागतो. फुलापासून काढणीपर्यंत नागपुरी संत्र्याला सुमारे आठ ते नऊ महिने लागतात.

तहान आणि बहार

स्पेन किंवा कॅलिफोर्निया यांसारख्या प्रदेशांत हिवाळ्याची थंडी संत्र्याच्या झाडाची वाढ थांबविते. वसंताची ऊब येताच विश्रांती घेतलेले झाड फुलांनी भरून जाते. भारतातील उष्ण मैदानी प्रदेशांत थंडी एवढी तीव्र नसते. झाडाला पाणी मिळत राहिले तर ते वर्षभर थोडीथोडी पालवी आणि थोडीथोडी फुले काढीत राहील व एकही पीक धड हाती येणार नाही. यावर येथील बागाईतदारांनी एक युक्ती योजली. थंडीचे काम त्यांनी तहानेकडून करून घेतले.

विदर्भात या पद्धतीस ताण देणे म्हणतात. ठराविक काळ बागेचे पाणी तोडावयाचे. पाने मलूल होतात, काही गळतात, नवी पालवी थांबते. वरून झाड सुकल्यासारखे दिसते. परंतु वाढीवर खर्च न झालेले अन्न फांद्यांत साठत असते आणि पालवीऐवजी फुले देण्याची तयारी डोळ्यांत सुरू होते. मग खत घालून पाणी दिले, की थोड्याच आठवड्यांत सारी बाग एकदम फुलते.

बहारांची नावेही अर्थपूर्ण आहेत. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, फुलणारा तो आंबिया बहार. त्याची फळे पावसाळा संपल्यानंतर हिवाळ्याच्या तोंडी तयार होतात. उन्हाळ्यात पाणी तोडून मृग नक्षत्राच्या पावसावर जो फुलतो तो मृग बहार. त्याची फळे पुढील वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतात. दोन्ही बहार एकाच झाडावर धरले तर झाड थकते. म्हणून जाणता बागाईतदार पाण्याचा अदमास घेऊन एकाचीच निवड करतो.

ताण किती द्यावयाचा हे जमिनीवर अवलंबून असते. हलक्या जमिनीत ओल लवकर सरते, तेथे थोडे दिवस पुरतात. भारी काळ्या जमिनीत ती खोलवर टिकते, तेथे अधिक दिवस लागतात. कमी ताण दिला तर फुलांऐवजी पालवी फुटते; फाजील दिला तर झाडच खचते. ताण म्हणजे बागाईतदाराने मोजून दिलेली तहान होय. पाणीच नसणे ही निराळी गोष्ट आहे. अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे विहिरींची जागा हळूहळू खोल कूपनलिकांनी घेतली आणि जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाऊ लागले. अवर्षणाच्या वर्षी त्या भागात उभ्या बागा वाळलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. लावल्यापासून चारपाच वर्षांनी फळावर येणारे झाड एका उन्हाळ्यात गेले, तर पुन्हा तेवढीच वर्षे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

पिकणे आणि रंग

आंबा पाडाला आला की उतरवून अढीत घालतात व तो तेथे पिकतो. संत्र्याला अढी उपयोगी पडत नाही. कच्च्या आंब्यात पिष्ट साठविलेले असते व फळ उतरविल्यानंतर त्याची साखर होते. संत्र्यात असा साठा नसतो. त्यातील साखर पानांतून येते आणि फळ झाडाला असेपर्यंतच येत राहते. म्हणून आंबट संत्रे तोडून कितीही दिवस ठेवले तरी ते गोड होत नाही. फार तर सुकते.

रंगाविषयीही असाच एक समज रूढ आहे. नारिंगी म्हणजे पिकलेले आणि हिरवे म्हणजे कच्चे असे बहुतेकांना वाटते. वास्तविक नारिंगी रंग येण्यास थंड रात्री लागतात. तापमान पुरेसे उतरले म्हणजे सालीतील हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याखाली झाकलेली पिवळी व नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. त्यांचे प्रमाणही वाढते. जेथे रात्रीही उबदार असतात अशा प्रदेशांत पूर्ण पिकलेली गोड संत्री हिरवीच राहतात. व्हॅलेन्शिया नावाची जात तर याहून विलक्षण आहे. तिची पिकून नारिंगी झालेली फळे उन्हाळ्यापर्यंत झाडावर राहिली, तर साल पुन्हा हिरवट होऊ लागते. गोडी मात्र कमी होत नाही.

बाजारात ग्राहक रंग पाहतो. म्हणून अनेक ठिकाणी फळे इथिलीन वायूत ठेवून त्यांचा हिरवेपणा घालवितात. हाच वायू पिकणाऱ्या फळांतूनही आपोआप निघत असतो. त्याने संत्र्याची साल रंगते, आतील रसात फरक पडत नाही. संत्रे निवडताना केवळ रंग न पाहता ते हाताला जड लागते की नाही हे पाहावे. जड फळात रस अधिक असतो.

रसाचे मोल

या रसाची खरी किंमत मानवाला समुद्रावर कळली. दीर्घ प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उकलत आणि कित्येक मृत्युमुखी पडत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने बारा रुग्ण निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपचार दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ती सर्वांत लवकर सुधारली. प्रयोग करून औषधाची तुलना करण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणून आजही सांगितले जाते. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास देण्याची व्यवस्था होण्यास 1795 साल उजाडावे लागले.

या रसातील गुणकारी द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व 'क'. आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने 1928 मध्ये ते द्रव्य वेगळे केले. या व याच्याशी निगडित संशोधनासाठी त्यांना 1937 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. मनुष्याला ते आहारातूनच मिळवावे लागते. त्याच्या प्रमाणात आपला आवळा संत्र्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. परंतु संत्रे कच्चेच व आवडीने खाल्ले जाते, ही त्याची मोठी जमेची बाजू होय.

एका बीतून अनेक रोपे

सामान्यतः बीमध्ये एकच भ्रूण असतो व त्यात माता आणि पिता या दोघांचेही गुण मिसळलेले असतात. सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने अनेक शोध लावणाऱ्या लेवेनहुक या डच संशोधकाला 1719 मध्ये संत्र्याच्या बीमध्ये एकाहून अधिक भ्रूण आढळले. हा प्रयोग शाळेतही करता येतो. संत्र्याच्या ताज्या बिया सुकू न देता कुंडीत पेराव्यात. काही आठवड्यांनी त्यांतील काही बियांतून दोन-दोन, तीन-तीन कोंब वर आलेले दिसतात.

याचे कारण असे, की या बीमध्ये परागापासून झालेल्या भ्रूणाखेरीज आणखीही भ्रूण असतात. ते बीजांडातील मातेच्या पेशींपासूनच तयार होतात. त्यांच्यात पित्याचा अंश मुळीच नसतो. त्यांपासून उगवलेले झाड म्हणजे मातेची हुबेहूब प्रतिकृती असते. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत मात्र एकच भ्रूण असतो.

असे असताना संत्र्याची बाग बियांपासून का लावीत नाहीत, असा प्रश्न उद्भवतो. बियांपासून झालेले झाड उंच व काटेरी होते आणि फळावर येण्यास फार वर्षे घेते. शिवाय जमिनीतील रोगांना तोंड देण्याइतकी त्याची मुळे कणखर असतीलच असे नाही. यासाठी बागाईतदाराने दोन झाडांचे एक झाड केले.

डोळा आणि खुंट

रोपवाटिकेत प्रथम जंबेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे रोप वाढवितात. यास खुंट म्हणतात. ते पेन्सिलीएवढे जाड झाले, की त्याच्या सालीला चाकूने छेद देऊन साल थोडी उचलतात. मग उत्तम फळ देणाऱ्या संत्र्याच्या झाडावरून एक डोळा सालीच्या तुकड्यासह काढून त्या छेदात बसवितात व पट्टीने घट्ट बांधतात. या कामास डोळा भरणे म्हणतात. काही आठवड्यांत दोन्ही जीव एकमेकांशी सांधले जातात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. यापुढे मुळे जंबेरीची आणि शेंडा संत्र्याचा, असा संसार सुरू होतो. हा सांधा जमिनीपासून वीतभर तरी उंच ठेवावा लागतो. नाहीतर ओल्या मातीतील बुरशी त्याला गाठते.

डोळा हा मूळ झाडाचाच तुकडा होय. त्यामुळे एका झाडावरून घेतलेल्या हजार डोळ्यांपासून झालेली हजार झाडे म्हणजे एकाच झाडाचा विस्तार म्हणता येईल. ब्राझीलमधील बाहिया येथे बिया नसलेल्या एका मोसंब्याची जात आढळली होती; तिच्या फळाच्या टोकाशी बेंबीसारखी खूण असते. या जातीची बारा झाडे 1870 मध्ये वॉशिंग्टनला आणण्यात आली. 1873 मध्ये त्यांतील काही रोपे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे इलायझा टिबेट्स यांना पाठविण्यात आली. त्यांवरून डोळे घेऊन कॅलिफोर्नियाच्या बागा वाढल्या. त्या मूळ रोपांपैकी एक झाड रिव्हरसाइडमध्ये अद्यापि जतन केलेले आहे. या जातीला बीच नसल्यामुळे डोळ्यावाचून तिचा वंश चालूच शकत नाही.

संत्र्याचे गोत

संत्रे, मोसंबे, लिंबू, ईडलिंबू, पपनस, महाळुंग अशी लिंबूवर्गीय फळांची यादी लांबलचक आहे आणि त्यांची नाती अनेक वर्षे कोड्यासारखी होती. 2018 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात साठ प्रकारच्या झाडांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्यात आली. हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार व चीनचा युनान प्रांत, हे या कुळीचे मूळ स्थान असून सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी तेथून तिचा विस्तार सुरू झाला, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

आपल्या बाजारातील बहुतेक प्रकारांचे मूळ पपनस, महाळुंग आणि रानसंत्रे या तीन पूर्वजांकडे जाते. पपनस व संत्रे यांच्या संकरातून मोसंबे झाले. त्याच दोघांच्या निराळ्या मीलनातून आंबट नारिंग झाले. आणि नारिंग व महाळुंग यांच्यापासून पिवळे ईडलिंबू जन्मले. यांतील बहुतेक मीलने माणसाने घडविलेली नव्हती. वाऱ्यावर व मधमाश्यांवर ती सोपविलेली होती. माणसाने त्यांतील आपल्याला रुचलेली झाडे राखली एवढेच.

फळाबरोबर त्याच्या नावानेही प्रवास केला. संस्कृतातील नारंग हा शब्द फारसीत गेला, अरबीत नारंज झाला, स्पॅनिशमध्ये नरांहा झाला आणि इंग्रजीत आरंभीचा 'न' गळून ऑरेंज उरला. युरोपात आधी पोचले ते आंबट नारिंग. गोड फळाचा प्रसार पुढे पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी इतका केला, की अरबी व फारसी भाषांत त्याला पोर्तुगालच्या नावावरूनच ओळखतात.

भारतात या फळाची निरनिराळी घराणी आहेत. खासी टेकड्यांचे संत्रे, दार्जिलिंग व सिक्कीमचे संत्रे, कॉफीच्या मळ्यांतून वाढणारे कूर्गचे संत्रे आणि मध्य भारतातील नागपुरी संत्रे ही त्यांतील प्रमुख होत. नागपुरी संत्रे भोसल्यांच्या राजवटीत औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, नागपूरला आले असे परंपरेने सांगतात. पंजाबातील किन्नो मात्र प्रयोगशाळेचे अपत्य आहे. कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी दोन जातींच्या संकरातून ते तयार केले व 1935 मध्ये ते लागवडीसाठी देण्यात आले.

एकसारखेपणाचा धोका

डोळ्यापासून केलेल्या लागवडीचा मोठा लाभ म्हणजे एकसारखेपणा. सर्व झाडे एकदम फुलतात, फळे एका चवीची निघतात आणि व्यापार सुलभ होतो. परंतु जो रोग एका झाडाला मारतो तो त्याच्यासारख्या सर्वच झाडांना मारू शकतो, ही याच गुणाची दुसरी बाजू आहे.

दक्षिण अमेरिकेत 1930 नंतरच्या काळात याचा प्रत्यय आला. ब्राझील व अर्जेंटिना येथील बागा प्रामुख्याने नारिंगाच्या खुंटावर उभ्या होत्या. मावा या किडीने पसरणारा एक विषाणू आला आणि या जोडीची लक्षावधी झाडे वाळली. तेथील लोकांनी या रोगाला त्रिस्तेझा म्हणजे उदासी असे नाव दिले. शेंडा तोच ठेवून खुंट बदलला तेव्हा बागा पुन्हा उभ्या राहिल्या. ब्राझीलमध्ये त्या कामी आलेल्या खुंटांत भारतीय उपखंडातील गावाचे नाव धारण करणारा रंगपूर लिंबू अग्रभागी होता.

दुसरा रोग याहून कठीण निघाला. मराठीत त्याला हरितरोग म्हणता येईल. चीनमध्ये त्यास हुआंगलाँगबिंग म्हणतात. सायला नावाचा इवलासा कीटक पानांचा रस शोषताना झाडाच्या अन्नवाहिन्यांत एक जिवाणू सोडतो. वाहिन्या तुंबतात, पाने पिवळी पडतात, फळे वाकडी व अर्धवट हिरवी राहून गळतात. रोग जडलेले झाड पूर्ण बरे करील असा उपाय अद्याप हाती आलेला नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात हा रोग 2005 मध्ये आढळला. तेथे 2003-04 च्या हंगामात मोसंब्यांच्या 24 कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. 2023-24 च्या हंगामात त्या 2 कोटींहूनही कमी झाल्या. हा रोग भारतातही आहे. येथे त्याच्या जोडीला बुंध्यातून डिंक वाहविणारा डिंक्या रोग बागा पोखरतो. त्यावर बुंध्याला बोर्डो मलम लावणे आणि दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवणे हे उपाय सांगितले जातात.

रोगट झाडावरून घेतलेला डोळा रोगही बरोबर नेतो. यासाठी निरोगी मातृवृक्ष जपणे हे आज संत्र्याच्या लागवडीतील पहिले काम मानतात. फांदीच्या अगदी टोकाचा मिलिमीटरच्या अंशाएवढा कोवळा भाग बहुधा विषाणूंपासून मुक्त असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली कापून लहान रोपावर बसवितात व त्यापासून निरोगी झाड मिळवितात. नागपूर येथे 1985 मध्ये स्थापन झालेली आणि आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था या दिशेने काम करीत आली आहे.

गारो टेकड्यांतील रान

निरोगी डोळा मिळाला तरी एक प्रश्न उरतोच. ज्या जातीत रोगाशी लढण्याचा गुणच नाही तिच्यात तो आणावयाचा कोठून? तो बहुधा तिच्या रानटी नातलगांतच सापडण्याची आशा असते. ऑस्ट्रेलियातील बोटाच्या आकाराच्या रानलिंबावर हरितरोगाचा परिणाम कमी होतो असे दिसून आले असून त्यावर संशोधन चालू आहे.

भारताकडेही असा ठेवा आहे. मेघालयातील गारो टेकड्यांत नोक्रेक नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारांवरील दाट अरण्यात भारतीय रानसंत्र्याची झाडे आढळतात. फळ लहान, आंबट आणि बियांनी भरलेले असते. गारो लोक त्याला मेमांग नारांग म्हणतात. मेमांग म्हणजे मृतात्मा. मृत्यूनंतरच्या विधींत या फळाला स्थान आहे. या नावाच्या उत्तरार्धात आपल्या ओळखीचा नारंग हाच शब्द ऐकू येतो. या झाडांच्या रक्षणासाठी तेथे लिंबूवर्गीय वृक्षांचे राष्ट्रीय अभयारण्य राखले आहे. नोक्रेक हे 1988 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला. तरीही आजूबाजूचे जंगल तुटत गेले, तर एवढ्याशा वस्तीत राहणारे झाड फार काळ तग धरील असे नाही.

बाजारात ठेवले तर या फळाला कोणी गिऱ्हाईक मिळणार नाही. परंतु गोड संत्र्याचे पूर्वजही एके काळी अशाच रानात वाढत होते. संत्र्यातील फोडींची संख्या कळीत ठरते, बहार तहानेत ठरतो आणि झाडाचा स्वभाव डोळ्यात ठरतो. त्याचप्रमाणे पुढील शंभर वर्षांत नागपूरच्या, खासी टेकड्यांच्या आणि कूर्गच्या बागा कशा असतील, ते काही अंशी नोक्रेकच्या उतारावरील ही आंबट फळांची झाडे आज उभी राहतात की नाही यावर ठरणार आहे.